खाडीचं प्रदूषण, तिथले जीव आणि त्यांचं अन्न : गणिती मॉडेलविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यांतून, कॉलेजच्या वर्गांतून आणि शिवडी-ऐरोलीला पक्षी पाहायला येणाऱ्या मंडळींकडून हे प्रश्न सतत येतात. मी मुंबईत गणित शिकवतो. बारावीच्या पुढचं काही लागणार नाही अशा बेताने उत्तरं लिहिली आहेत. जिथे ‘समजा’ म्हटलं आहे तिथले आकडे हिशेब कळावा म्हणून घेतलेले आहेत, खाडीत मोजलेले नाहीत.

पाणी घाण आहे हे नाकालाच कळतं. त्यासाठी गणित कशाला?

घाण आहे एवढं कळायला गणित लागत नाही. पण ही घाण कोणता जीव किती काळ सोसेल, आधी कोण जाईल, आज नाला बंद केला तर पाच वर्षांनी काय दिसेल, हे नाकाला कळत नाही. आणि खाडीवर प्रयोगही करता येत नाही. अर्धी खाडी स्वच्छ ठेवून उरलेल्या अर्धीत रसायन सोडून बघू, असं कोणी म्हणू शकत नाही. मग तो प्रयोग कागदावर करावा लागतो.

हे काम जुनं आहे. १९२५ साली स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी अमेरिकेतल्या ओहायो नदीसाठी पाण्यातल्या ऑक्सिजनचा हिशेब मांडला. मैलापाणी आलं की ते कुजवणारे जिवाणू ऑक्सिजन संपवतात आणि दुसरीकडे हवेतून नवा ऑक्सिजन मिसळत राहतो. या दोन वेगांची वजाबाकी केली की एक महत्त्वाची गोष्ट दिसते : ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो तो नाल्याच्या तोंडाशी नाही, तिथून बरंच पुढे, प्रवाहाच्या खालच्या अंगाला. म्हणजे नाल्यापाशी नमुना घेऊन ‘मासे जगतील इतका ऑक्सिजन आहे’ असं म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो, तो चुकीच्या जागी उभा असतो. नमुना कुठे घ्यायचा हेसुद्धा मॉडेलच सांगतं.

मॉडेल म्हणजे एखादं सॉफ्टवेअर असतं का?

नाही. मॉडेल म्हणजे काही समीकरणं. कोणती गोष्ट कशामुळे वाढते आणि कशामुळे घटते, याची ती नोंद असते. सॉफ्टवेअर फक्त बेरीज-वजाबाकी जलद करतं.

पाया १८३८ साली बेल्जियमचे गणितज्ञ व्हेरहुल्स्ट यांनी घातला. जीव थोडे असताना संख्या भराभर वाढते. अन्न आणि जागा अपुरी पडू लागली की वाढ मंदावते आणि एका मर्यादेला थांबते. त्या मर्यादेला धारणक्षमता म्हणतात. प्रदूषणाचा त्यात समावेश बराच नंतर झाला. १९८३-८४ मध्ये टॉमस हॅलम आणि सहकाऱ्यांनी विषारी द्रव्यांचा जीवसंख्येवर होणारा परिणाम समीकरणांत बांधला, आणि १९९१ मध्ये फ्रीडमन आणि आयआयटी कानपूरचे जे. बी. शुक्ला यांनी एका प्रजातीसाठी तसंच शिकारी-भक्ष्य जोडीसाठी अशी मॉडेलं मांडली. या विषयात भारतीय गणितज्ञांचं काम मोठं आहे. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना ते पदवीच्या वर्गात सांगितलं जात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जीवावरचा परिणाम आणि त्याच्या अन्नावरचा परिणाम असे दोन भाग का करायचे? शेवटी मरतो तो जीवच ना?

या सगळ्या विषयाचा गाभा हाच प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ठाण्याच्या खाडीतली चिंबोरी, म्हणजे खेकडा, घ्या. प्रदूषण तिच्यापर्यंत दोन वाटांनी पोचतं. पहिली वाट थेट शरीरात. पाण्यातून, चिखलातून, खाल्लेल्या शिंपल्यांतून जड धातू किंवा तेलातले घटक आत जातात. त्यामुळे चिंबोरी लगेच मरेलच असं नाही. अंडी कमी होतात, पिल्लं कमी जगतात, कात टाकताना जास्त मरतात. गणितात याचा अर्थ वाढीचा दर घटला.

दुसरी वाट तिच्या घराची आणि ताटाची. तिवरांच्या, म्हणजे कांदळवनातल्या झाडांच्या, श्वसनमुळांवर तेल बसलं, प्लास्टिक अडकलं, की झाडं गुदमरतात. तिवरं कमी झाली की गळणारी पानं कमी, त्यावर जगणारे किडे-शिंपले कमी, लपायला बिळं कमी. चिंबोरीच्या शरीरात विषाचा कणही नसला तरी खाडी आता पूर्वीइतक्या चिंबोऱ्या पोसू शकत नाही. गणितात याचा अर्थ धारणक्षमता घटली.

शब्दांत समीकरण असं होतं :

संख्येतला वार्षिक बदल = (विषामुळे घटलेला वाढदर × संख्या) − (मूळ वाढदर × संख्येचा वर्ग ÷ घटलेली धारणक्षमता)

याच्या जोडीला आणखी दोन समीकरणं लागतात.

पाण्यातल्या प्रदूषकातला बदल = बाहेरून येणारं − वाहून जाणारं आणि विघटन होणारं − जीवांनी शोषलेलं

शरीरातल्या प्रदूषकातला बदल = पाणी आणि अन्नातून आत आलेलं − शरीराने बाहेर टाकलेलं

पाण्यातलं आणि शरीरातलं प्रमाण वेगळं मोजण्याचं कारण कालवं. कालवं पाणी गाळून खातात. पाण्यात जेमतेम सापडणारा धातू त्यांच्या मांसात कितीतरी पटींनी साठतो. पाण्याचा अहवाल चांगला आला म्हणून कालवं खायला चांगली, असा अर्थ काढता येत नाही.

एकदा आकडे घालून दाखवा.

समजा, एका खाडीत एका जातीची १,००० टन मासळी राहू शकते आणि तिचा वाढदर वर्षाला ०.५ आहे. प्रदूषणाने वाढदर २० टक्क्यांनी घटून ०.४ झाला. अन्न आणि आसराही २० टक्क्यांनी घटला, म्हणजे धारणक्षमता ८००. आता मासळी किती राहील? वरच्या समीकरणात बदल शून्य धरला की उत्तर येतं ०.४ × ८०० ÷ ०.५, म्हणजे ६४० टन.

दोन्हीकडून २० टक्के नुकसान झालं आणि मासळी ३६ टक्क्यांनी घटली. दोन वाटांची नुकसानं एकमेकांना गुणली जातात. पर्यावरणाच्या अहवालांत पाण्याचा दर्जा एका प्रकरणात आणि कांदळवनाचा ऱ्हास दुसऱ्या प्रकरणात असतो, आणि दोन्ही प्रकरणं वाचून ‘मध्यम परिणाम’ असं वाटतं. खाडीतला मासा मात्र दोन्ही प्रकरणांत एकाच वेळी जगत असतो.

आणखी एक. काही धक्का बसला, एखादं वर्ष वाईट गेलं, तर संख्या पुन्हा सावरायला लागणारा वेळ वाढदराच्या व्यस्त प्रमाणात असतो. वाढदर ०.५ असेल तर हा काळ साधारण दोन वर्षांच्या हिशेबाचा. तोच ०.१ वर आला तर दहा वर्षांच्या. संख्या वरवर ठीक दिसत असतानाही सावरण्याचा वेग मंदावलेला असू शकतो, आणि माझ्या मते धोक्याची पहिली खूण तीच आहे.

आम्ही पूर्वीइतकीच मासळी धरतो, तरी जाळ्यात येत नाही. दोष आमच्यावर येतो. गणित काय म्हणतं?

वरचाच हिशेब पुढे नेऊ. स्वच्छ खाडीत दरवर्षी जास्तीत जास्त किती मासळी काढली तर साठा टिकतो? वाढदर × धारणक्षमता ÷ ४, म्हणजे १२५ टन. समजा, गावाच्या होड्या वर्षाला १०० टन काढतात. काहीच बिघडत नाही. साठा ७२४ टनांच्या आसपास स्थिरावतो आणि पिढ्यान्‌पिढ्या चालतो.

प्रदूषित खाडीत तीच कमाल मर्यादा ०.४ × ६४० ÷ ४, म्हणजे ६४ टनांवर येते. साठा ३६ टक्क्यांनी घटला, पण काढता येण्याजोगी मासळी जवळजवळ निम्मी झाली. होड्या तितक्याच, जाळी तीच, डोल (प्रवाहात बांधायचं पिशवीसारखं जाळं) लावायच्या जागा त्याच आणि १०० टनांची मासेमारी आता साठा संपवणारी ठरते. कोळ्यांनी काहीही बदललं नाही. त्यांच्या पायाखालचा आकडा दुसऱ्यांनी बदलला.

म्हणून ‘अतिमासेमारी’ हा शब्द वापरण्याआधी कोणत्या खाडीच्या मानाने अति, हे विचारलं पाहिजे. कोळीवाड्यांनी सुनावणीत हा प्रश्न आकड्यांसकट मांडावा असं मला वाटतं. खोल समुद्रातली पर्ससीन (थवाच्या थवा घेरणारी) जाळी आणि यांत्रिक बोटींचा प्रश्न वेगळा आणि खरा आहे. तो याने नाहीसा होत नाही.

खाडीत फ्लेमिंगो एवढे वाढले. म्हणजे खाडी सुधारली ना?

असं समजून चालणार नाही, आणि या एका गैरसमजाने बरंच नुकसान केलं आहे.

शिवडीपासून ऐरोलीपर्यंतच्या चिखलावर १९९०च्या दशकापासून हे पक्षी मोठ्या संख्येने येऊ लागले. २०१५ मध्ये ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं, २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. त्याचा आनंद आहेच. पण लहान रोहित (फ्लेमिंगोची लहान जात) मुख्यतः खातो सूक्ष्म नीलहरित शैवाल, आणि शैवालाचं खत म्हणजे सांडपाण्यातलं नायट्रोजन आणि फॉस्फरस. सांडपाणी वाढलं की काही मर्यादेपर्यंत शैवाल वाढतं, त्यावर जगणारे पक्षीही वाढतात. प्रदूषण इथे धारणक्षमता वाढवतं. आलेखात ही रेषा आधी चढते, माथ्यावर पोचते आणि मग उतरते, कारण मैला आणखी वाढला की ऑक्सिजन संपतो, चिखल सडतो आणि विषारी शैवालं माजू शकतात. आपण चढावर आहोत की उतारावर, हे पक्षी मोजून कळत नाही. माथ्याच्या दोन्ही बाजूंना पक्ष्यांची संख्या सारखीच असू शकते.

मोठ्या रोहिताचं (फ्लेमिंगोच्या मोठ्या जातीचं) जेवण वेगळं : चिखलातले किडे, लहान शिंपले, कोळंबीसारखे जीव. याच प्रदूषणाने ते मरतात. म्हणजे एकच सांडपाणी एका जातीचं ताट भरतं आणि शेजारच्या जातीचं रिकामं करतं. म्हणून मॉडेलमध्ये दोघांना ‘फ्लेमिंगो’ या एका नावाखाली घालणं चूक आहे.

शिवाय हे पक्षी मुंबईत अंडी घालत नाहीत. ते प्रामुख्याने गुजरातेतून, कच्छच्या बाजूने, थंडीत येतात आणि पावसाआधी परततात. त्यामुळे इथल्या समीकरणात जन्माचं पद नाहीच, आगमनाचं आहे. इथे गर्दी वाढली याचं कारण इथलं अन्न वाढलं हे असू शकतं, किंवा दुसरीकडची पाणथळ जागा बिघडली हेही असू शकतं. दोन्ही शक्यता मोजल्याशिवाय ‘खाडी सुधारली’ असा फलक लावू नये.

अगदी थोडं विष असेल तर एवढं घाबरायचं का?

गिधाडांचं उदाहरण प्रत्येक मुंबईकराने लक्षात ठेवावं. १९९०च्या दशकात देशभरातली गिधाडं झपाट्याने संपली. मलबार हिलवरच्या डुंगरवाडीत मृतदेह गिधाडांसाठी ठेवण्याची पारशी समाजाची शतकांची परंपरा त्यामुळे अडचणीत आली. २००४ मध्ये कारण सापडलं : गुरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक. मेलेल्या जनावरात ते उरलेलं असलं की ते मांस खाणाऱ्या गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात.

त्याच वर्षी शास्त्रज्ञांनी मॉडेल करून विचारलं, एवढी घट व्हायला किती जनावरं विषारी असावी लागतील? उत्तर आलं, एक टक्क्याहूनही कमी. बहुतेकांचा अंदाज कितीतरी जास्त असता.

हे कसं, ते घरी करून बघता येतं. समजा, २०० जेवणांपैकी एकच जेवण जीवघेणं आहे आणि गिधाड तीन दिवसांतून एकदा, वर्षाला सुमारे १२० वेळा जेवतं. प्रत्येक जेवणातून वाचण्याची शक्यता ०.९९५. ती १२० वेळा गुणली की उरते ०.५५. शंभरातली ४५ गिधाडं एका वर्षात गेली. पाच वर्षांनी पाच उरतात. जोडी वर्षाला एकच अंडं घालते, त्यामुळे ही तूट कधीच भरून निघत नाही. २००६ मध्ये जनावरांसाठी हे औषध वापरण्यावर बंदी आली. विषाची मात्रा किती, याइतकंच गाठ किती वेळा पडते हे महत्त्वाचं असतं, आणि दीर्घायुषी, हळू वाढणाऱ्या जीवांना याचा फटका सगळ्यात मोठा.

जहाजातून एकदाच झालेली गळती वाईट की रोजचं सांडपाणी?

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर दोन मालवाहू जहाजांची टक्कर झाली आणि शेकडो टन तेल सांडलं. किनाऱ्यावरची तिवरं काळी पडली. मॉडेलमध्ये अशी घटना म्हणजे एकदम आलेला मोठा आकडा आणि नंतर शून्य. वाढदर चांगला असलेली प्रजाती त्यातून परत वर येते, वेळ लागतो.

रोजचं सांडपाणी म्हणजे कधीच न थांबणारा पुरवठा. त्यात प्रदूषण एका पातळीवर स्थिर होतं आणि संख्याही नव्या, खालच्या पातळीवर स्थिर होते. तीच ‘नेहमीची’ वाटू लागते. तेलगळतीची बातमी होते, सांडपाण्याची होत नाही. समीकरणांत मात्र प्रजाती कायमची संपवण्याची ताकद बहुधा दुसऱ्याकडे असते. सगळ्यात वाईट, दोन्ही एकत्र. सांडपाण्याने आधीच वाढदर उतरलेल्या खाडीत गळती झाली की सावरायला बळच उरलेलं नसतं.

रोज दोनदा भरती येते. ती धुऊन नेत नाही का?

काही प्रमाणात नेते. उधाणाच्या दिवसांत (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास) इथे भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या पुढे जातो. भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या सुमारास) तो बराच कमी असतो. पण ओहोटीने गेलेल्या पाण्यातलं बरंचसं पुढच्या भरतीला परत येतं. खाडीच्या टोकाला, ठाण्याच्या बाजूला, पाणी सर्वांत हळू बदलतं, आणि पावसाळा सोडला तर वरून येणारं गोडं पाणी फारच थोडं. त्यामुळे ‘वाहून जाणारं’ हे पद वर्षभर एकच आकडा धरून चालत नाही. जुलैचा वेगळा, मेचा वेगळा, आणि खाडीच्या तोंडाचा वेगळा, शेपटाचा वेगळा धरावा लागतो.

उद्या सगळे नाले बंद केले तर खाडी किती वर्षांत सुधारेल?

पाणी लवकर सुधारेल. चिखल नाही.

जड धातू विघटित होत नाहीत. ते गाळाला चिकटून बसतात आणि हळूहळू गाडले जातात किंवा वाहून जातात. समजा, वरच्या थरातलं प्रमाण दर दहा वर्षांनी निम्मं होतं, आज ते १०० आहे आणि शिंपल्यांना सोसेल अशी पातळी २० आहे. तर तिथे पोचायला सुमारे २३ वर्षं लागतील. मधल्या काळात गाळ उपसला तर गाडलेलं पुन्हा पाण्यात येऊ शकतं, म्हणून उपसा करण्याआधी गाळाची तपासणी हवी. हा आकडा निराश करण्यासाठी सांगत नाही. शुद्धीकरण केंद्र सुरू झाल्यावर तिसऱ्या वर्षी ‘काहीच फरक नाही, पैसे वाया गेले’ असं म्हणणाऱ्यांना उत्तर देता यावं म्हणून सांगतो.

एकाच वेळी अनेक रसायनं असतील तर?

परिणामांची बेरीज होईलच असं नाही. कधी एक रसायन दुसऱ्याचा घातकपणा वाढवतं. शुक्ला आणि दुबे यांनी १९९६ मध्ये दोन विषारी द्रव्यांच्या एकत्रित परिणामाचं मॉडेल दिलं. दोनच्या पुढे आकडे मिळवणंच अवघड होत जातं.

आकडे आणायचे कुठून?

पाण्याच्या दर्जाचे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून. बीओडी (घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) आणि विरघळलेला ऑक्सिजन आधी बघा : आंघोळीयोग्य पाण्यासाठी बीओडी लिटरमागे ३ मिलिग्रॅमपर्यंत आणि ऑक्सिजन किमान ५ मिलिग्रॅम हवा. पक्ष्यांसाठी १८८३ पासून काम करणारी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, मासळीसाठी केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्था आणि वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था.

सर्वांत अवघड असतं विषामुळे वाढदर किती घटतो हे मिळवणं. प्रयोगशाळेत बहुधा ९६ तासांत निम्मे जीव मारणारी मात्रा काढतात. मॉडेलला हवी असते अंडी आणि पिल्लं कमी होण्याची मात्रा, जी त्याहून खूप खाली असते. इथे कोळणींच्या आणि तांडेलांच्या (होडीच्या प्रमुखांच्या) आठवणी मोलाच्या आहेत. निवट्या (चिखलावर उड्या मारणारे मासे) कोणत्या काठावरून कधी गेल्या, तिसऱ्या (शिंपल्या) कोणत्या चिखलात मिळेनाशा झाल्या, हे कोणत्याही अहवालात नाही. ते सालासकट लिहून ठेवायला हवं, आणि ज्यांना ते माहीत आहे ती माणसं थकत चालली आहेत.

मॉडेलवर किती विश्वास ठेवायचा?

नेमक्या आकड्यावर कमी, दिशेवर जास्त. वाढदर ०.४ ऐवजी ०.३५ धरला, ०.४५ धरला, तरी निष्कर्ष तोच राहतो का हे तपासायचं. राहिला तर ठामपणे बोलावं. जो अहवाल एकच आकडा देतो आणि आकडा हलवल्यावर काय होतं ते सांगत नाही, तो प्रश्न विचारूनच स्वीकारावा.

मला स्वतः करून बघायचं आहे. कुठून सुरुवात करू?

एक्सेल पुरेसं आहे. पहिल्या ओळीत ६४० लिहा. पुढच्या प्रत्येक ओळीत : आधीची संख्या + ०.४ × आधीची संख्या × (१ − आधीची संख्या ÷ ६४०) − १००. हा प्रदूषित खाडीत दरवर्षी १०० टन काढण्याचा हिशेब. एक ओळ म्हणजे एक वर्ष.

दरवर्षीची घट शेजारच्या रकान्यात काढा. पहिल्या वर्षी १००, मग ६६, ५१, ४३, ३८, ३६, ३६. सातव्या वर्षापर्यंत वाटतं, साठा सावरतो आहे. त्यानंतर घट पुन्हा वाढू लागते आणि तेराव्या वर्षी मासळी संपते. बाराव्या वर्षापर्यंत बाजारात मात्र दरवर्षी पूर्ण १०० टन येत होती.

आता १००च्या जागी ६० लिहा. साठा ४०० टनांवर येऊन थांबतो. मग ६० तसेच ठेवून पहिल्या ओळीत ६४०च्या जागी २३० लिहा आणि खाली ओढा : त्याच ६० टनांनी साठा शून्यावर जातो, कारण या खाडीत २४० टनांच्या खाली गेलेला साठा ६० टनांची मासेमारी सोसू शकत नाही. मासेमारी कमी करायचा किंवा नाले रोखायचा निर्णय २४०च्या वर असताना झाला की खाली, एवढाच या दोन तक्त्यांतला फरक आहे. त्यानंतर ०.४च्या जागी ०.४५ घालून सगळं पुन्हा चालवा आणि २४०चा आकडा किती खाली सरकतो ते स्वतः शोधा.